वाघूर क्लबची लाल फाइल

१

कपाट फोडलेलं होतं आणि फाइल गेली होती. मला हे कळलं शुक्रवारी सकाळी साडेनऊला. त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या आत फाइलमधले सगळे कागद दिल्लीच्या संकेतस्थळावर चढायला हवे होते.

मी सुलक्षणा तायडे. पोलीस खात्यात तेहतीस वर्षं काढून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. आता मेहरूणमध्ये राहते. राज्य फुटबॉल संघटनेनं मला खान्देशची सचोटी अधिकारी नेमलं आहे, म्हणजे खेळातले गैरप्रकार तपासणारी. हे पद मानद आहे. म्हणजे उन्हात फिरायचं आपण आणि चहा पाजायचा तोही आपणच. तरी मी हो म्हटलं, कारण माझे वडील भुसावळला रेल्वेत होते आणि लहानपणी मला खांद्यावर बसवून ते सामने दाखवायचे. खेळ मला कळतो. म्हणूनच तो चालवणाऱ्या माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही.

देशातली व्यावसायिक लीग इतकी वर्षं बड्या शहरांची होती. यंदा तिची नवी खालची श्रेणी निघाली आणि आमच्यासारख्या गावांना दार किलकिलं झालं. खान्देशाच्या वाट्याला जागा आली एक. जळगावच्या वाघूर फुटबॉल क्लबनं धुळ्याच्या पांझरा स्पोर्टिंगला पात्रता सामन्यात दोन-एकनं हरवलं होतं, त्यामुळे पहिला हक्क वाघूरचा. पण परवान्याचे कागद शुक्रवारी पाचपर्यंत दिल्लीला लीगच्या कचेरीकडे सादर झाले नाहीत, तर जागा आपोआप धुळ्याला जाणार होती.

मेहरूण तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर क्लबचं ऑफिस आहे. मी पोचले तर खाली मंडप. अकरा वाजता 'परवाना अर्ज सादरीकरण सोहळा' होणार होता. कागद संगणकावर चढवायचे, त्याचाही सोहळा! फ्लेक्सवर अध्यक्ष पितांबरशेठ भंगाळे यांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा होता आणि कोपऱ्यातला फुटबॉल लिंबाएवढा. खेळाडू एकही नव्हता.

शेठ मंडपातच होते, पांढरे बूट घालून. चार पत्रकारांचे मोबाइल तोंडासमोर धरलेले.

"खान्देशच्या फुटबॉलचा आज खून झाला आहे!" ते म्हणत होते. "पण पितांबर भंगाळे खचणार नाही!"

मी त्यांना ओलांडून वर गेले.

वर समीक्षा सपकाळे एकटीच बसली होती. सव्वीस वर्षांची ही मुलगी क्लबची व्यवस्थापक. क्लबमध्ये जे काही काम होतं ते ती करते. बाकीचे फोटोत उभे राहतात. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"मॅडम, काल सहाला मी स्वतः फाइल आत ठेवली. कुलूप लावलं. आज नऊला आले तर हे असं."

लोखंडी कपाटाचं दार उघडं होतं. कुलपाची जीभ पहारीनं वाकवलेली, दाराचा पत्रा चेपलेला. आत बाकीच्या फायली जागच्या जागी होत्या. तेवीस खेळाडूंचे जन्मदाखले, वैद्यकीय प्रमाणपत्रं, करार, प्रशिक्षकाची पदविका आणि मैदानाचा करार, हे सगळं असलेली लाल फाइल तेवढी नव्हती.

"कागद स्कॅन केले नव्हते?"

"शेठ नको म्हणाले. आज सोहळ्यात, पत्रकारांसमोर, मोठ्या मशीनवर करायचे होते. तोवर एकही प्रत बाहेर जाता कामा नये, गोपनीय आहे, असं त्यांनी बजावलं होतं."

मी चष्मा लावून कपाटाची चौकट बघितली. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या खाचेत बसते, त्या खाचेवर बोट फिरवलं. रंगाचा टवकासुद्धा उडालेला नव्हता.

"समीक्षा, इकडे ये. दार बंद असताना पहार घातली असती, तर जीभ या खाचेतून ओढून निघाली असती. खाच फाटली असती. जीभ वाकलीय आणि खाच मात्र नवी कोरी. यावरून काय दिसतं?"

तिला कळलं. तिचा चेहरा उतरला.

"आधी किल्लीनं उघडलं. मग उघड्या दाराचं कुलूप वाकवलं."

"किल्ल्या किती?"

"दोन," ती म्हणाली. "एक शेठकडे. दुसरी माझ्याकडे."

२

मी खाली उतरेपर्यंत पितांबरशेठ औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या डाळ मिलवर निघून गेले होते. तिथल्या केबिनमध्ये वातानुकूलन इतकं कडक होतं की बाहेरच्या चव्वेचाळीस अंशांतून आत आल्यावर मला शिंक आली. भिंतीवर सत्काराच्या शाली काचेत मढवून लावल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, पण एखाद्या दुकानाला पुरल्या असत्या.

"मॅडम, तुम्ही उगाच त्रास घेता," शेठ म्हणाले. "पोलिसांत फिर्याद दिलीय मी. चोर उघड आहे. धुळ्याचा तो अमृत. पांझराचा सचिव. काल चार वाजता आला होता. मैत्रीपूर्ण सामन्याचं बोलायचं म्हणे! सारखा कपाटाकडे बघत होता."

"तुमची किल्ली कुठे असते?"

त्यांनी कमरेच्या गोफात ओवलेली किल्ली वर करून दाखवली. "चोवीस तास इथं. आंघोळीला जातानासुद्धा."

"तुम्ही फुटबॉल खेळलात कधी?"

"मी संघटक आहे," ते म्हणाले. "खेळणारे पुष्कळ असतात. दूरदृष्टी लागते ती आम्हाला." त्यांनी टेबलाचा खण उघडून एक जाड कागदांचा जुडगा काढला आणि माझ्यासमोर नाचवला. "हे पाहा. एका बंद पडलेल्या शिक्षण संस्थेचं आठ एकराचं मैदान. विश्वस्तांच्या पाया पडून बारा वर्षांसाठी मिळवलं मी. मैदान आहे, संघ आहे, नाव आहे आणि आता कागद नाहीत! कोणाच्या पोटात दुखलं असेल, सांगा."

मी तो करार हातात घेऊन चाळला. मुद्रांकाचा कागद, डाव्या कडेला दोन भोकं, विश्वस्तांच्या सह्या, संस्थेचा जांभळा शिक्का, शिक्क्याच्या पानावर कोपऱ्यात हिरव्या शाईत ७१. शेठची सही एवढी मोठी की तिनं दोन ओळी गिळल्या होत्या. नीट वाचण्याआधीच त्यांनी तो माझ्या हातातून ओढून परत खणात टाकला.

"दुसरं कोणी संशयित?"

शेठ पुढे झुकले. आवाज उगाच हळू केला.

"मला बोलायचं नव्हतं. पण तुम्ही आमच्या लोटनला विचारा. आमचा प्रशिक्षक. मूळचा साक्रीकडचा, म्हणजे धुळे जिल्ह्यातलाच. लीगचा नियम आहे की मुख्य प्रशिक्षकाकडे मोठी पदविका पाहिजे. लोटनकडे कसली पदविका! तो शाळेत पीटीचा मास्तर होता. म्हणून फाइलमध्ये आम्ही पुण्याच्या नीलेश सरांचा करार लावलाय. फाइल दिल्लीला गेली की लोटन गेला. आणि फाइलच गेली, तर?"

ते मागे टेकून हसले. "तर लोटन राहिला."

मला हा माणूस आवडत नव्हता. पण तो म्हणत होता ते खोटं नव्हतं.

३

गाडीत बसून अमृतला फोन लावला. त्यानं पहिल्याच घंटेला उचलला.

"मॅडम, ऐकलं आम्ही. फार वाईट झालं," तो म्हणाला. मागे फटाके वाजत होते.

"हे कसले फटाके?"

"लग्न आहे शेजारी."

"अकरा वाजता? अमृत, मी तेहतीस वर्षं पोलिसात होते."

मग तो ओशाळला. पांझराच्या पोरांनी बातमी ऐकताच लड लावली होती. मैदानावर हरून मिळालेल्या जागेसाठी! काल जळगावहून साडेचारला निघालो, साडेसहाला धुळ्यात आमदारांच्या हस्ते सत्कार होता, तिथे व्यासपीठावर होतो, असं तो म्हणाला आणि लगेच फोटोही पाठवला. फोटोत तो खराच होता. गळ्यात हार, तोंडात पान. फाइल सहाला कपाटात गेली होती. शिवाय त्याच्याकडे किल्ली नव्हती. हा गडी चोर नव्हता. दुसऱ्याच्या ताटावर नजर ठेवून बसलेला होता, एवढंच.

मी मैदानावर गेले. शिक्षण संस्थेची पडकी इमारत, तिच्यामागे ते आठ एकर. त्या उन्हातही संघ सराव करत होता. त्यांना कोणी थांबा म्हणून सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी ते थांबले नसते. गोलपोस्टमध्ये पहूरचा आकाश होता. चोवीस वर्षांचा. पाइप कारखान्यातली कायम नोकरी त्यानं महिन्यापूर्वी सोडली होती, कारण लीगचा करार पूर्णवेळ मागतो. मला बघून तो धावत आला.

"मॅडम, फाइल मिळेल ना?"

"बघू," मी म्हटलं. असलं उत्तर देताना मला स्वतःचाच राग येतो.

लोटन पवार बांधावर लिंबाखाली उभे होते. अठ्ठावन्न वर्षांचे, काडीसारखे, गळ्यात शिटी. सगळे त्यांना आबा म्हणतात. मी सरळ विषयाला हात घातला.

"आबा, काल तुम्ही ऑफिसला गेला होतात?"

"ग्या व्हतू."

"कशाला?"

ते मैदानाकडे बघत राहिले. "काम व्हतं."

"काय काम?"

"ते मी सांगाव नई, ताई."

तेवढ्यात फोन वाजला. समीक्षा होती.

"मॅडम, मी सकाळी एक सांगितलं नाही. मला भीती वाटली. काल सकाळी आबांनी माझ्याकडून किल्ली मागून घेतली होती. दोन तास त्यांच्याकडेच होती. मी बँकेत गेले होते."

मी फोन ठेवला आणि लोटनकडे वळले. दोन तासांत बाजारातून दुसरी किल्ली करून आणता येते. हे त्यांनाही कळत होतं.

"किल्ली तुमच्याकडे होती."

आबांनी शिटी गळ्यातून काढली, मुठीत धरली आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघितलं.

"हा. कपाट मीच उघाडं," ते म्हणाले. "बठ्ठा कागद बी मीच बाहेर काढात."

४

"आणि?"

"आनि फोटो काढात." त्यांनी खिशातून काचेला तडा गेलेला मोबाइल काढला. "एकेक कागदना. मंग बठ्ठा जथाना तथा ठी दिन्हा. किल्ली पोरले परत दिन्ही."

"कशासाठी?"

"शेठनी सांगेल व्हतं, कोनीच नक्कल करानी नई. म्हनून चोरीछुपे काढात. मी सांगतू ते ती पोरनी नोकरी जाती." मग ते थांबले आणि पुढचं अगदी हळू बोलले. "चार वरीस पहिले मना एक पोऱ्या व्हता, पुना नावना. राज्यना संघमा निवड व्हयेल व्हती. एक क्लबवाल्यास्नी त्याना जन्मदाखला हारपाडा. नवा काढालोंग दिवस निंघी ग्या. तो आते सुरतले साड्यास्ना कारखानामा शे. तव्हढपाईन मी कोनवरच भरोसा ठेवत नई."

मी मोबाइल हातात घेतला. एकशे बारा फोटो होते. स्वच्छ, सरळ, एकेक कागद जमिनीवर ठेवून वरून काढलेला. काहींच्या कडेला त्यांचे पायाचे अंगठे आले होते. जन्मदाखले, वैद्यकीय प्रमाणपत्रं, करार, सगळं काही.

"आबा," मी म्हटलं, "या फाइलमुळे तुमची जागा जाते. तुमच्या जागी नीलेश येतो. ठाऊक आहे ना?"

"ठाव शे. त्याना करारना फोटो बी काढा. हात थोडा हालना, म्हनून तो दोनदा काढा."

मी मोबाइल त्यांना परत दिला. पोलिसात असताना मी पुष्कळ माणसांवर संशय घेतला आणि त्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्या लिंबाखाली मात्र वाटलं.

आबांना गाडीत घालून मी ऑफिसवर आणलं. साडेबारा वाजले होते. समीक्षानं फोटो संगणकावर उतरवायला घेतले. दिल्लीला आधी नुसत्या प्रती चालतात, मूळ कागद तीस दिवसांत दाखवायचे असतात. म्हणजे अजून जीव होता. ती भराभर एकेक फोटो उघडत होती, आणि मधेच थांबली.

"यांच्यावर क्रमांक नाहीत, मॅडम. आता परत टाकावे लागतील."

"कसले क्रमांक?"

"काल पाच वाजून चार मिनिटांनी दिल्लीची मेल आली. प्रत्येक पानाला क्रमांक हवा, सोबत सूची हवी. मी बसून सगळ्या पानांवर क्रमांक टाकले. सहाला दहा कमी असताना सूची मेल केली, फाइल कपाटात ठेवली आणि कुलूप लावून घरी गेले."

"कोणत्या पेनानं टाकलेस?"

"हिरव्या. शाळेपासून माझी सवय आहे."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "सूची दाखव. मैदानाचा करार कोणत्या पानांवर आहे?"

तिनं बोटानं ओळ दाखवली. "सहासष्ट ते त्र्याहत्तर. मूळ करारच लावला होता."

मला चोर मिळाला होता. सकाळी त्यानं स्वतःच्या हातानं मला पुरावा दाखवला होता आणि मी तो चाळून परत दिला होता. पण एक गोष्ट अजून कळत नव्हती. ज्या माणसानं लीगच्या नावावर दोन वर्षं हार घालून घेतले, तो स्वतःच्या क्लबची फाइल का नाहीशी करील?

"समीक्षा, मैदानाच्या कराराचे फोटो उघड."

पडद्यावर कलमं एकेक करून मोठी केली. आठवं कलम होतं: परवाना मिळाल्यास मैदान बारा वर्षं केवळ फुटबॉलसाठीच वापरावं लागेल. नववं कलम समीक्षानं मोठ्यानं वाचलं.

"क्लबच्या हाताबाहेरच्या कारणामुळे अर्ज सादर होऊ न शकल्यास करार कायम राहील, आणि मैदान लग्नसमारंभ व इतर सार्वजनिक कार्यक्रमांसाठी वापरण्यास क्लब मोकळा राहील."

"चोरी म्हंजे हातबाहेरनं कारन," आबा म्हणाले.

खाली मंडपात जेवणाची पंगत बसली होती. सोहळा रद्द झाला, पण जेवण रद्द झालं नव्हतं. वरच्या खिडकीतून शेवभाजीचा वास येत होता.

५

तीनला दहा कमी असताना मी, समीक्षा आणि आबा शेठच्या केबिनमध्ये गेलो. समीक्षाच्या हातात लॅपटॉप होता.

"मिळाला का चोर?" शेठनी विचारलं.

"मिळाला. तो करार परत दाखवा जरा."

त्यांनी खण उघडला. त्यांना या कराराचा इतका अभिमान होता की तो दाखवायला सांगितलं की हात आपोआप जायचा. मी पान उलटून कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे काय आहे, शेठ?"

"पानाचा नंबर."

"कोणी टाकला?"

"असेल टाकला कोणीतरी. विश्वस्तांनी."

"समीक्षानं टाकला. काल पाच ते सहाच्या दरम्यान. त्यानंतर हा कागद लाल फाइलमध्ये कुलपात गेला. सकाळी फाइल चोरीला गेली आणि हे पान तुमच्या खणात निघालं. चोरानं येऊन परत दिलं का तुम्हाला?"

शेठनी समीक्षाकडे बघितलं. "ही खोटं बोलते. करार मी परवाच काढून घेतला होता. तिनं आता इथं येऊन नंबर टाकला असेल."

"सूची काल पाच पन्नासला दिल्लीला पोचली आहे. तिच्यात हा करार सहासष्ट ते त्र्याहत्तर आहे. दिल्लीच्या संगणकालाही तुम्ही खोटं पाडणार?" मी शांतपणे म्हटलं. "कपाट किल्लीनं उघडलंय. एक किल्ली समीक्षाकडे. दुसरी तुमच्या कमरेला, आंघोळीलाही सुटत नाही असं तुम्हीच सांगितलंत. सगळी फाइल गेली तरी चालणार होती, पण मैदानाचा करार तुम्हाला हवा होता. त्याशिवाय तिथे लग्नाचं लॉन कसं उभं राहणार?"

शेठनी आव सोडला. मला वाटलं होतं ते लाजतील. ते चिडले.

"मॅडम, खरं सांगा. जळगावात फुटबॉल बघायला कोण येतं? दोनशे माणूस. लग्नाला दोन हजार येतं. आठ एकरावर तेवीस टगे चेंडूमागे पळणार, आणि ते बारा वर्षं मी बघत बसायचं?"

"मग दोन वर्षं हार कशाला घातलेत?"

"हार घातल्याशिवाय विश्वस्त मैदान देतात का?" त्यांना खरोखरच माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं.

"फाइल कुठाय?"

"मिलच्या भट्टीत टाकली. काल सातलाच."

समीक्षानं तोंडावर हात ठेवला. तेवीस पोरांचे मूळ दाखले. कोणी बापाला तहसील कचेरीत चकरा मारायला लावून काढलेले, कोणी पहूरच्या ग्रामपंचायतीतून, कोणी पाड्यावरच्या शाळेतून. आबा एक पाऊल पुढे झाले. मी त्यांचा हात धरला नसता, तर त्या शालींवरच्या काचा नक्कीच फुटल्या असत्या.

"असा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही," आबा म्हणाले. रागानं ते शुद्ध बोलायला लागले होते. "चोर घरात घुसतो तो भुकेनं. तुम्ही भरल्या पोटी पोरांचे जन्मदाखले जाळलेत."

शेठ त्यांच्याकडे बघेनात. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय करायचं बोला."

"समीक्षानं अर्ज तयार केलाय. कागद सगळे आहेत, कारण या माणसानं तुमचा हुकूम मोडून त्यांचे फोटो काढले होते. फक्त अध्यक्षाची सही हवी. ती करा. मग राजीनाम्यावर दुसरी करा."

"आणि नाही केली तर?"

"मंडप अजून उभा आहे. पत्रकार अजून जिलबीवर आहेत. मी आत्ता तिथे जाऊन माइक हातात घेते."

"आणि केली तर तुम्ही गप्प बसाल?"

"मंडपात गप्प बसेन. अहवालात सगळं लिहीन. पोलिसांनाही देईन."

मला माहीत होतं तो सही करणार. दिल्लीच्या अहवालाची, खटल्याची त्याला भीती नव्हती. ती प्रकरणं वर्षानुवर्षं चालतात आणि तारखांनाही माणूस इस्त्रीचे कपडे घालून जाऊ शकतो. चार मोबाइलसमोर तोंडघशी पडणं मात्र त्याला सोसवलं नसतं. एवढ्याच उंचीचा माणूस होता तो.

त्यानं सही केली. नेहमीसारखीच, दोन ओळी गिळणारी. मग दुसरी.

समीक्षानं तिथेच, त्याच्याच टेबलावर, लॅपटॉप उघडून कागद चढवायला घेतले. मध्ये एकदा इंटरनेट गेलं. आबा खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. पाचला बावीस मिनिटं कमी असताना पडद्यावर पोच आली. समीक्षा उठली, नमस्कार न करता केबिनच्या बाहेर गेली आणि जिन्यावर बसून पोटभर रडली.

६

मी कबूल केल्याप्रमाणे सगळं लिहिलं. संघटनेनं पितांबरशेठला पाच वर्षांसाठी कोणतंही पद घ्यायला बंदी केली. दाखले जाळल्याचा आणि खोटी फिर्याद दिल्याचा खटला चालू आहे. त्याचा काय निकाल लागायचा तो लागो, मी वाट बघत नाही. विश्वस्तांपैकी एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं, रत्नाताई पाटलांनी, क्लबचं अध्यक्षपद घेतलं. त्यांनी पहिल्या सभेत हार परत पाठवला. समीक्षा महिनाभर पहूर, साक्री, शिरपूर, नवापूर अशी एसटीनं फिरली आणि तेवीसच्या तेवीस दाखले नव्यानं काढून आणले. परवाना आला. मैदान बारा वर्षांसाठी फुटबॉलला बांधलं गेलं.

पुण्याहून नीलेश सर आले. बरा माणूस निघाला. पहिल्याच दिवशी त्यानं आबांना विचारलं की कोणता पोरगा कोणत्या पायानं खेळतो, आणि आबांनी तीन तास सांगितलं. नियमाप्रमाणे आता आबा सहायक आहेत.

ऑक्टोबरात लीगचा आमचा पहिला घरचा सामना झाला. समोर मिझोरमचा संघ होता. त्यांची पोरं चेंडूशी जे करत होती ते आमच्यातल्या बऱ्याच जणांनी फक्त टीव्हीवर पाहिलं होतं. चार-शून्य. आकाशनं सात गोल अडवले, नाही तर आकडा सांगण्यासारखा राहिला नसता. पण सगळ्या पायऱ्या भरल्या होत्या. बाहेर भिंतीवरही माणसं बसली होती, आणि चौथा गोल झाल्यावरसुद्धा कोणी उठून गेलं नाही.

पितांबरशेठ आले होते. तिकीट काढून, पुढच्या रांगेत. पद नसलं तरी पांढरे बूट होते. सामना संपल्यावर ते कठड्यापाशी गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बघा! मी म्हणत होतो ना, हे आपल्याला झेपणारं नाही. चार गोल! हरलात ना, लोटन?"

आबा चेंडू जाळीत भरत होते. त्यांनी मान वर केली.

"हारनूत, शेठ," ते म्हणाले. "पन लीगमा हारनूत."

आणि जाळी खांद्यावर टाकून ते पोरांच्या मागोमाग आत गेले.